मेलबर्नमध्ये थांबलेली कळ

सातारा जिल्ह्यातून एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांच्या परवानगीने त्यातला मुख्य भाग देते.

"मी ५८ वर्षांची. मिस्टरांना जाऊन तीन वर्षं झाली. कंबर दोन वर्षांपासून दुखते, कधी डाव्या मांडीपर्यंत कळ जाते. एमआरआय काढला तर एल-४, एल-५ मध्ये गादी सरकली आहे म्हणाले. तेव्हापासून पट्टा बांधते, वाकत नाही, बादली उचलत नाही. गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला मेलबर्नला सहा महिने होते. तिला आणि बाळाला रोज तेल लावून अंघोळ घालायची. दीड महिन्यात कंबर अशी धरली की उठता येईना. लेक मला एका बोवेन थेरपी करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. त्या बाईंनी पाठीवर दोन-चार ठिकाणी अंगठ्याने हलकेच काहीतरी सरकवल्यासारखं केलं आणि खोलीबाहेर निघून गेल्या. थोड्या वेळाने आल्या, पुन्हा तेवढंच, पुन्हा बाहेर. मला वाटलं, एवढ्याचे का पैसे घेतात? मग पडल्या पडल्या मला रडू आलं, का ते कळलं नाही. पण उठले तेव्हा कळ नव्हती. तीन वेळा गेले, आणि परत येईपर्यंत बरी होते.

इथे आल्यावर दोन महिन्यांत दुखणं परत सुरू. बोवेनवालं जवळ कुणी नाही. पुण्यात एक जण क्रेनिओसेक्रल थेरपी देतात, तीही हलक्या हाताची. दहा वेळांचे पस्तीस हजार. शरीर स्वतःला बरं करतं, त्याच्या आड औषधं येतात, म्हणून बीपीची गोळी हळूहळू बंद करा म्हणाले. सुरुवातीला दुखणं वाढेल, तो बरं होण्याचा भाग आहे असंही सांगितलं. मुलगा म्हणतो, हे सगळे मनाचे खेळ आहेत, तुला तिकडेही फसवलं. मला झालेला आराम खोटा होता का? पैसे भरू का?"

ताई, गोळीचं आधी सांगते, कारण बाकीचं चार दिवसांनी वाचलंत तरी चालेल. बीपीची गोळी बंद करू नका. अर्धीही करू नका. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून तिला हात लावायचा नाही. बीपी वाढलेलं कळत नाही, त्याला कळ नसते. कंबर मोकळी करायला जाऊन पक्षाघात ओढवून घ्यायचा, असा सौदा कुणी पुढे ठेवला तर त्याच्या दारातूनच मागे फिरावं.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्हाला झालेला आराम खोटा नव्हता. गेली बावीस वर्षं मी फिजिओथेरपी करते आहे आणि एवढं मी खात्रीने म्हणेन की दुखायचं थांबलं असं माणूस म्हणतो तेव्हा ते थांबलेलंच असतं. पण तो आराम कशामुळे झाला, याचं उत्तर त्या बाईंनी दिलं असेल त्यापेक्षा वेगळं आहे, आणि ते समजलं की पस्तीस हजारांचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

तुमची लेक राहते तिथून पाऊण-एक तासावर जिलाँग नावाचं बंदराचं गाव आहे. बोवेन थेरपी तिथली. टॉम बोवेन हे गृहस्थ १९१६ साली जन्मले. ते सिमेंटच्या कारखान्यात कामाला होते, वैद्यकीचं शिक्षण नव्हतं. कामावरच्या माणसांच्या पाठी-खांदे मोकळे करता करता त्यांचा हात बसला, आणि पुढे तोच व्यवसाय झाला. १९७५ साली व्हिक्टोरिया राज्यात अशा उपचारांची सरकारी चौकशी झाली, तेव्हा त्यांच्याकडे वर्षाला सुमारे १३,००० जणांवर उपचार होतात असा आकडा पुढे आला. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी रोजचे चाळीसच्या वर! एका खोलीतल्या माणसाच्या पाठीवर दोन-चार हालचाली करायच्या, त्याला पडून राहू द्यायचं आणि तोवर शेजारच्या खोलीत जायचं, अशी त्यांची रीत. तुमच्या बाई पुन्हा पुन्हा बाहेर जात होत्या त्याचं मूळ इथे आहे. आज शिकवताना सांगतात की या मधल्या वेळात शरीर संदेश पचवतं. बोवेन १९८२ साली गेले. त्यांच्याकडे शिकलेल्या ओझवाल्ड रेन्च आणि त्यांच्या पत्नीने १९८६ पासून ही पद्धत इतरांना शिकवायला सुरुवात केली, आणि ती जगभर गेली.

त्याच देशाच्या सरकारने पुढे नैसर्गिक उपचारांची तपासणी केली. २०१५ साली अहवाल आला. बोवेनचा उपयोग होतो असं ठामपणे म्हणता येईल एवढा चांगला पुरावा त्यांना सापडला नाही. म्हणून १ एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्य विम्यातून या उपचाराचे पैसे मिळणं तिथे बंद झालं. त्या यादीत बोवेनबरोबर आणखी पंधरा प्रकार होते. तुमच्या लेकीने खिशातून पैसे दिले असणार, ते यामुळे.

मुलगा हे वाचून म्हणेल, बघ, मी सांगत होतो. त्याला थोडं थांबायला सांगा.

लहान मूल पडलं की आई गुडघा चोळते. ठेच लागली की अंगठा आधी हातात धरला जातो, रक्त आलंय का ते नंतर बघतो. हे कुणी शिकवत नाही. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी याचं कारण मांडलं. मज्जारज्जूत एक प्रकारचं फाटक आहे. दुखण्याचे संदेश तिथून मेंदूकडे जातात, पण त्याच वेळी स्पर्शाचे, चोळण्याचे संदेश आले तर ते फाटक थोडं लोटलं जातं. नंतरच्या संशोधनात त्या मांडणीत बरेच बदल झाले, पण गाभा टिकून आहे: दुखणं शरीरातून मेंदूकडे जसंच्या तसं पोहोचत नाही, वाटेत कमी-जास्त होतं. मेंदूही खाली निरोप पाठवतो. आपण सुरक्षित आहोत असं त्याला वाटलं तर फाटक लावून घेतो. धोका आहे असं वाटलं की सताड उघडतो.

दुसरी गोष्ट त्वचेची. आपल्या कातडीत, तळहात-तळपाय सोडून केस असलेल्या भागात, काही अगदी मंद चालणारे मज्जातंतू आहेत. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर पुष्कळ काम केलं आहे. टोचणं किंवा दाबाची बारीक पारख हे त्यांचं काम नव्हे. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर या गतीने कोमट, हलका हात फिरला की ते सगळ्यांत जास्त जागे होतात. त्याहून भरभर फिरवला तर कमी, एका जागी नुसता ठेवला तरी कमी. आई झोपणाऱ्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवते ती गती हीच. आपल्याला कुणीतरी मायेने हात लावतंय, एवढी एकच बातमी हे तंतू मेंदूला देतात.

आता त्या टेबलावर परत जाऊन बघा. परका देश, नवं बाळ, रात्रीची जागरणं, पहाटेपासून उभ्याने काम. कंबर दुखतेय हे लेकीला सांगायचीही चोरी, कारण आपण मदतीला आलोय. आणि अशात पाऊण तास एका उबदार खोलीत तुम्ही पालथ्या पडून होतात, कुणी हाक मारणार नव्हतं. एका बाईने तुमचं सगळं ऐकून घेतलं, मग जोर न लावता हात लावला. इतके महिने "गादी सरकलीये, जपा" हे ऐकून तुमच्या कमरेचे स्नायू आखडूनच राहिले होते, लाथ बसणार म्हणून अंग चोरून उभ्या असलेल्या जनावरासारखे. त्या हाताने त्यांना पहिल्यांदा सांगितलं, की काही होत नाही, सोडा. ते सुटले आणि कळ थांबली.

रडू का आलं, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी त्या ओळीशी थांबले. मिस्टरांना जाऊन तीन वर्षं झाली म्हणता. आपल्याकडे अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला हात कोण लावतं? मुलगा मोठा झाला की दुरून नमस्कार करतो. नवरा गेला की हळदीकुंकवाला कपाळाला होणारा बोटाचा स्पर्शही बंद करून टाकतात, ही आपली रीत मला कायम जिव्हारी लागत आली आहे. तुम्ही सहा महिने रोज दोन जिवांना तेल लावत होतात. तुमच्या पाठीला मात्र मिस्टर गेल्यापासून पहिल्यांदा कुणाचा हात लागला असेल. रडू येणारच. त्यात साठलेली वाईट ऊर्जा बाहेर पडली वगैरे काही नाही. माझ्याकडेही येतं लोकांना रडू. पुरुषांनाही येतं. मी हात थांबवते, पाणी देते, आणि त्यांना बोलायचं असेल तर ऐकते.

त्यामुळे मुलाचं "मनाचे खेळ" हे अर्धंच बरोबर आहे. मन, मेंदू, मज्जारज्जू, स्नायू ही एकच तार आहे, आणि दुखणं त्या सगळ्या तारेवर वाजतं. पण त्याचं दुसरं अर्धं लक्षात घ्या. असा आराम काही तास, काही दिवस टिकतो. तुमचा जास्त टिकला, कारण त्याच काळात बाळ मोठं होत होतं, मालिश-अंघोळीचा रेटा कमी झाला असणार, आणि लेक तुम्हाला बागेत फिरायला नेत होती, असं तुम्हीच तिसऱ्या पानावर लिहिलं आहे. शिवाय अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच सैल होत जाते. आपण उपचाराला जातो तेव्हा दुखणं शिगेला पोहोचलेलं असतं. तिथून ते उतरायचंच असतं, आणि श्रेय त्या दिवशी ज्याचा हात लागला त्याला मिळतं.

माझ्या आजोळी, वाईच्या बाजूला, कुणाला उसण भरली की पायाळू माणूस शोधायचे. जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. त्याने पाठीला तीनदा हलकेच पाय लावायचा. आमच्या आळीत एक पायाळू काकू होत्या. माणसं वाकून, भिंतीला धरून यायची. काकू आधी बसवून पाणी द्यायच्या, काय उचललं, कसं भरलं सगळं विचारायच्या, मग अंगणात उभं करून पाठीला पाय टेकवायच्या, आणि "आता चालत जा घरी, निजू नको" असं बजावायच्या. बरीच माणसं बरी होत. लहानपणी मला तो चमत्कार वाटे. कॉलेजात गेल्यावर ती अंधश्रद्धा वाटली. आज वाटतं, पायाळूपणात काही नव्हतं, पण पाणी देण्यात, विचारण्यात, त्या हलक्या स्पर्शात आणि विशेषतः "निजू नको, चालत जा" यात बरंच काही होतं. काकूंनी कधी एक पैसा घेतला नाही आणि कुणाचं औषध बंद करायला सांगितलं नाही.

पुण्याच्या त्या थेरपीबद्दल थोडक्यात सांगते. क्रेनिओसेक्रल थेरपीचं मूळ अमेरिकेतल्या विल्यम सदरलँड या ऑस्टिओपॅथकडे (हाडं-सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्याकडे) जातं. कवटीची हाडं किंचित हलतात, त्यांच्या आत एक लय असते, अशी त्यांची कल्पना. पुढे जॉन अपलेजर यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत तिला आजचं रूप दिलं, स्पर्श इतका हलका की नाण्याचं वजन ठेवावं तेवढाच. प्रत्यक्षात मोठ्या माणसाच्या कवटीची हाडं शिवणींनी घट्ट धरलेली असतात, आणि वेगवेगळ्या थेरपिस्टनी एकाच माणसाच्या डोक्यावर मोजलेली ती लय एकमेकांशी जुळली नाही, असं तपासण्यांत दिसलं आहे. म्हणजे कारण म्हणून जे सांगतात ते उभं राहत नाही. तास-दीड तास शांत पडून हलका स्पर्श मिळाला तर बरं वाटेल, यात शंका नाही. पण त्याला पस्तीस हजार लागत नाहीत. जो माणूस दहा वेळांचे पैसे आगाऊ मागतो, त्याला चौथ्या वेळी तुम्ही बऱ्या झालात तर काय, हे विचारून बघा. दुखणं वाढलं तरी तो बरं होण्याचाच भाग, हे वाक्य मला सर्वांत धोक्याचं वाटतं. कमी झालं तर उपचारामुळे, वाढलं तरी उपचारामुळेच! मग तुमच्या शरीराने "हे मला सोसत नाही" असं सांगायचं तरी कसं? एखाद दिवस अंग जड होणं, थोडं ठणकणं मी समजू शकते. दोन दिवसांनंतरही वाढतच असेल तर ते थांबवण्याचं लक्षण आहे.

शरीर स्वतःला बरं करतं, हे मात्र खरं आहे, आणि ते वाक्य अशा माणसांच्या हाती गेलं म्हणून आपण सोडून देऊ नये. जखम भरते, मोडलेलं हाड सांधतं. मणक्यातली गादी फुगून बाहेर आलेला भागसुद्धा पुष्कळ जणांत काही महिन्यांत आपोआप आक्रसत जातो.

तुमच्या रिपोर्टबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमची निम्मी कंबर त्या कागदाने धरली आहे. "गादी सरकली", "मणक्यात गॅप आहे", "नस दबली" हे शब्द आपल्याकडे असे बोलले जातात की माणसाला वाटतं, आता वाकलो तर काहीतरी निखळून पडेल. गादी सरकत नाही ताई. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. वयाप्रमाणे ती थोडी सुकते, कडेने थोडी फुगते. २०१५ साली एका मोठ्या आढाव्यात, ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० जणांच्या मणक्यांचे स्कॅन एकत्र पाहिले. पन्नाशीच्या माणसांत ८० टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या दिसल्या. दुखत काहीच नव्हतं! केस पांढरे व्हावेत तसं हे. तुमच्या मांडीत कळ जाते, त्यामुळे त्या नसेला कधी मधी त्रास होत असेल, ते मी नाकारत नाही. पण पाऊल पडतंय, बधिरपणा नाही, जोर शाबूत आहे असं तुमच्या डॉक्टरांनी लिहिलं आहे. अशा कमरेला हालचाल हवी असते.

आणि पट्टा सोडा. एकदम नाही, रोज एक-एक तास कमी करत दोन आठवड्यांत. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पट्टे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं म्हटलं आहे, आणि आपल्याकडे सर्रास लावतात ते वजन, म्हणजे ट्रॅक्शन, तेही नको म्हटलं आहे. समजावून सांगणं, व्यायाम आणि मालिश यांना मात्र त्यांनी उपयोगाच्या बाजूला ठेवलं आहे. मालिश एकटी नाही, बाकीच्या गोष्टींच्या जोडीने. मला जे सांगायचं आहे ते याच जोडीचं आहे. हलक्या हाताने दुखणं उतरतं तो अर्धा-एक दिवस ही उघडलेली खिडकी आहे. त्या वेळात पडून राहिलात तर ती बंद होते. चाललात, वाकलात, थोडं उचललंत, तर मेंदूला पुरावा मिळतो की ही कंबर वापरायची आहे.

हे मी तरी कुठे पहिल्यापासून जाणत होते? सुरुवातीची काही वर्षं मी जोरात दाबायची. दुखलं की लोकांना वाटायचं चांगली गाठ सापडली, मलाही तसंच वाटायचं. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते, खांदा धरलेले. मी हात जवळ नेला की ते डोळे घट्ट मिटायचे आणि खांदा आणखी वर चढायचा. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "बाई, आधी हात नुसता ठेवा हो, मग बघू." मी नुसता ठेवला. दोन-तीन मिनिटांत खांदा खाली आला, आणि त्या दिवशी त्यांचा हात पहिल्यांदा डोक्यापर्यंत गेला. त्यानंतर मी जोर कमी केला आणि वेळ वाढवला.

तर करायचं काय. तुमच्या आळीत बाळंतिणीला तेल लावायला येणाऱ्या सखूमावशींचा तुम्ही उल्लेख केला आहे (नाव मी बदललं आहे). त्यांना आठवड्यातून दोनदा बोलवा. त्यांचा हात चाळीस वर्षांचा आहे, आणि योग्य मोबदला देऊनही महिन्याचा खर्च त्या पॅकेजच्या जवळपासही जाणार नाही. त्यांना मात्र आधी सांगून ठेवा की बाळंतिणीसारखं रगडायचं नाही. तुम्ही कुशीवर निजा, दोन गुडघ्यांमध्ये उशी. तेल कोमट. पूर्ण पंजा टेकवून, पाठीच्या कण्यावर न दाबता, त्याच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली सावकाश. खांद्यापासून कमरेपर्यंत यायला आठ-दहा सेकंद लागतील एवढं सावकाश. मग कुल्ल्यावर आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूने. मध्ये दोन-तीनदा हात काढून त्यांनी गप्प बसावं आणि तुम्ही नुसता श्वास घ्यावा. बोवेनबाईंच्या बाहेर जाण्याचं हे घरगुती रूप समजा. वीस मिनिटं पुरेत. बोटं मोडणं, मान कडकन फिरवणं यातलं काही नको. मान मोडून घेण्याची आपल्याकडे सलूनमध्येही पद्धत आहे. त्यात मानेतली रक्तवाहिनी दुखावल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा मुलालाही हे सांगा. पोटरी एका बाजूची सुजून, गरम होऊन दुखत असेल तर ती चोळायची नाही, डॉक्टरांना दाखवायची. रक्ताची गुठळी असू शकते.

तेल लावून झालं की अर्ध्या तासात चप्पल घालून बाहेर पडा. ऑस्ट्रेलियाहून आणखी एक गोष्ट तुमच्याबरोबर यायला हवी होती. तिथे ७०० जणांवर एक अभ्यास झाला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावलं, आणि सोबत थोडं समजावून सांगितलं. ज्यांनी हे केलं त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, इतरांत निम्म्यांचं ११२ दिवसांतच परत आलं. तुम्ही पाच मिनिटांपासून सुरू करा. घर ते मारुतीचं देऊळ आणि परत, जेवढं सोसेल तेवढं. दर आठवड्याला तीन-चार मिनिटं वाढवा. थोडी दुखली म्हणून परत फिरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरत असेल तर ते दुखणं चालण्यासारखं आहे. दोन आठवड्यांनी अर्धी बादली उचला, जवळ धरून. मग पाऊण.

दुखण्याची गोळी तुम्ही अधूनमधून दुकानातून आणून घेता असं लिहिलंय. बीपी असताना या गोळ्या सतत घेणं मूत्रपिंडाला आणि बीपीलाही बरं नाही, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. आणि काही गोष्टी झाल्या तर मालिश, चालणं, माझं हे पत्र सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं: लघवी अडली किंवा नकळत झाली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायातली चप्पल निसटून गेली तरी कळेना, पाऊल फरफटू लागलं. ताप, वजन उतरणं, रात्री कुशीवर वळूनही न थांबणारं दुखणं, हेही आठवड्याच्या आत दाखवा. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून आहे आणि तो असाच कंबरदुखीच्या वेषात येतो. हाडं ठिसूळ झाली आहेत का, हेही या वयात एकदा तपासून घ्यावं. मावशींना बोलवायच्या आधीच ते केलंत तर मला जास्त बरं वाटेल.

मुलावर रागावू नका. तुम्हाला कुणी फसवू नये म्हणून तो बोलला. पण त्याला एक काम सांगा. रात्री टीव्ही बघताना दहा मिनिटं तुमचे पाय चेपायला सांगा. लहानपणी तो आजोबांचे चेपायचा, असं तुमच्याच पत्रात आहे, म्हणजे हाताला सवय आहे.

लेक डिसेंबरमध्ये येणार आहे म्हणालात. नातू आता दीड वर्षाचा असेल. त्याला पायांवर घेऊन पाटावर बसून अंघोळ घालायचा मोह होईल. पाय लांब करून, वाकून, तेवढा वेळ बसणं हेच मेलबर्नला तुमच्या कमरेला सर्वांत जड गेलं असणार. या वेळी स्टुलावर बसा आणि त्याला टबात उभा करा. आणि एका दुपारी तो झोपला की लेकीला म्हणा, आता मला तेल लावून दे. तिला वीस मिनिटांचं सगळं सांगा, पंजा कसा टेकवायचा, किती सावकाश. खोबरेल असेल तर बाटली आधी गरम पाण्यात ठेवायला सांगा. साताऱ्याच्या थंडीत ते थिजलेलं असतं.